पश्चिमेची भिंत: कोकणात नवी मशीद बांधताना

कोकणात पाऊस पश्चिमेकडून येतो. उन्हाळ्यात दुपारनंतर भिंती तापवणारे ऊनही पश्चिमेचेच. आणि किब्लाही, म्हणजे नमाजाची काबेकडची दिशाही, पश्चिमेलाच. म्हणजे मशिदीतली जी भिंत सगळ्यांत महत्त्वाची, जिच्याकडे तोंड करून माणसे दिवसातून पाच वेळा उभी राहतात, तीच भिंत जूनपासून सप्टेंबरपर्यंत झोडपली जाते आणि मार्च ते मे भाजून निघते. रायगड-रत्नागिरीच्या कुठल्याही नव्या मशिदीत श्रावणात जाऊन मिहराबच्या (त्या भिंतीतल्या इमामाच्या कोनाड्याच्या) वरच्या कोपऱ्याकडे बघा. बहुतेक ठिकाणी तिथे ओलीचे डाग, फुगलेला रंग, काळी बुरशी दिसेल. दर दोन वर्षांनी रंग काढला जातो आणि डाग परत येतो, कारण चूक आराखड्यात असते आणि इलाज रंगात शोधला जातो.

माझे सगळे सांगणे या एका भिंतीभोवती आहे. कोकणातल्या मशिदीचा आराखडा पश्चिमेच्या भिंतीपासून सुरू करावा. तिचे जमले की छप्पर, पडव्या, हौद, दारे आपापल्या जागी बसत जातात. आपल्याकडे बहुतेक वेळा उलटे होते: आखातातून आलेल्या एखाद्या फोटोतला घुमट आधी ठरतो आणि बाकीची इमारत त्याच्याखाली कशीबशी कोंबली जाते. वाळवंटातली मशीद वाळवंटाच्या जागी सुंदर असते. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, हवेत मीठ असते आणि मे महिन्यात घाम वाळत नाही. मदिनेतली पैगंबरांची पहिली मशीद कच्च्या विटांची होती, तिला खजुराच्या खोडांचे खांब आणि झावळांचे छप्पर होते. तिला ना घुमट होता ना मिनार. जे तिथे उगवत होते, तिथे मिळत होते, त्यातून ती उभी राहिली.

आधी माणसे मोजा

जमातीच्या (मशिदीच्या समुदायाच्या) बैठकीत पहिला प्रश्न येतो तो ‘किती मोठी बांधायची?’ उत्तर नेहमी ईदच्या गर्दीवरून दिले जाते आणि तिथेच घोळ होतो. कोकणातल्या गावाची लोकसंख्या भरती-ओहोटीसारखी असते. कर्ती माणसे मुंबईत, दुबईत, कुवेतमध्ये. मे महिन्यात आणि ईदला गाव भरते, एरवी फजरला, म्हणजे पहाटेच्या नमाजाला, दोन सफाही (रांगाही) पूर्ण होत नाहीत. पाचशे माणसांचा बंद हॉल बांधला, तर वर्षातले बहुतेक दिवस पंचवीस माणसे त्या रिकाम्या गुहेत पंखे लावून बसतात.

म्हणून चार आकडे वेगवेगळे लिहून काढा: साध्या दिवसाची फजर, जुम्मा (शुक्रवारची दुपारची नमाज), रमजानातली तराविह (रात्रीची जादा नमाज) आणि ईद. पाचवा आकडा जनाजाचा, म्हणजे अंत्यविधीच्या नमाजाचा. तो अचानक येतो आणि आसपासच्या गावांतून माणसे घेऊन येतो. हे आकडे अंदाजाने लिहू नका. महिनाभर एखाद्या मकतबच्या (मुलांच्या धार्मिक शाळेच्या) मुलाला वहीत नोंद करायला सांगा.

एका माणसाला नमाजासाठी दोन फूट रुंदी आणि चार फूट लांबी धरा, म्हणजे आठ चौरस फूट. सगळी मापे या चारच्या आणि दोनच्या पाढ्यात ठेवली तर सफा कधीच वाकड्या किंवा अर्धवट पडत नाहीत. समजा, तुमच्या गावात फजरला पंचवीस, जुम्म्याला दोनशे, ईदला पाचशे माणसे येतात. मुख्य दालन उत्तर-दक्षिण ४८ फूट आणि पूर्व-पश्चिम ३६ फूट घ्या. इमामासाठी पुढचे चार फूट सोडले की प्रत्येकी २४ माणसांच्या आठ सफा होतात, म्हणजे १९२. उत्तरेला आणि दक्षिणेला आठ-आठ फुटांची पडवी जोडली की आणखी ६४. पूर्वेला, दोन्ही बाजूंच्या पडव्यांना मिळून जाणारी १२ फुटी पडवी घेतली की ३२ माणसांच्या तीन सफा, म्हणजे ९६. एकूण झाले ३५२. त्यापुढे तेवढ्याच रुंदीचे २४ फूट खोलीचे फरसबंद अंगण ठेवले की अजून १९२. बेरीज ५४४. बंद दालन फक्त जुम्म्यापुरते, पण ईद अंगणात सामावली.

दालन खोल न ठेवता रुंद ठेवा. पहिल्या सफेचा मान मोठा, ती जितकी लांब तितक्या जास्त लोकांना तो मिळतो. आणि सफ खांबांनी तुटू देऊ नका. ३६ फुटांचा गाळा कैच्यांवर (छपराच्या त्रिकोणी सांगाड्यांवर) पेलता येतो, मधे एकही खांब लागत नाही. खांब हवेच असतील तर ते पडवीच्या कडेला न्या.

फजरच्या पंचवीस माणसांसाठी एक साधी गोष्ट करा: पंख्यांची आणि दिव्यांची बटणे सफेनुसार वेगळी ठेवा. पुढच्या दोन सफांपुरताच उजेड आणि वारा. वीजबिल तर वाचतेच, पण पहाटे लोक एकमेकांच्या जवळ उभे राहतात.

किब्ला: अंदाजाने नको

आपण ‘पश्चिम’ म्हणतो, पण नेमका किब्ला रत्नागिरीहून खऱ्या पश्चिमेच्या सुमारे १३ अंश उत्तरेकडे आहे, मुंबईहून सुमारे १० अंश. हा फरक किरकोळ वाटतो. तीस फूट रुंदीच्या दालनात १३ अंशांची चूक म्हणजे एका टोकाला सात फुटांचा फरक. मग सतरंज्या तिरक्या टाकाव्या लागतात, कोपऱ्यांत त्रिकोणी जागा वाया जातात आणि दर जुम्म्याला कोणीतरी सफेवरून हुज्जत घालतो.

मोबाइलच्या होकायंत्रावर एकट्यावर विसंबू नका. सळयांचा ढीग, पत्र्याची शेड, उभा केलेला ट्रक, काहीही त्याला फसवते. त्यापेक्षा भक्कम उपाय आकाशात आहे. दरवर्षी २७-२८ मेला भारतीय वेळेनुसार दुपारी २ वाजून ४८ मिनिटांनी सूर्य काबेच्या बरोबर डोक्यावर असतो. त्या क्षणी ओळंब्याने सरळ उभ्या केलेल्या काठीची सावली काबेच्या नेमकी उलट दिशेला पडते. सावलीच्या टोकापासून काठीच्या बुंध्याकडे दोरी ताणा, ती किब्ल्याची रेघ. १५-१६ जुलैला २ वाजून ५७ मिनिटांनी पुन्हा तशीच संधी येते, पण तेव्हा आपल्याकडे ढग असतात. तेव्हा मे महिनाच पकडा. त्या दिवशी सगळ्या जमातीला जागेवर बोलवा, म्हाताऱ्यांनाही, पोरांनाही. सगळ्यांच्या देखत आखलेल्या रेघेवर नंतर वाद होत नाही. रेघेच्या दोन्ही टोकांना काँक्रीटचे खुंटे गाडून ठेवा आणि तयार आराखडा सर्वेक्षकाकडून ताडून घ्या.

गावातली जुनी मशीद सरळ पश्चिमेकडे असेल तर त्यावरून भांडण उकरून काढू नका. आपल्या वाडवडिलांनी तिथे मनापासून नमाज पढली आहे. तो प्रश्न आलिमांकडे (धर्मपंडितांकडे) सोपवा आणि नवी इमारत नेमकी आखा.

जागा रस्त्याला समांतर आणि किब्ला तिरका, ही अडचण जवळजवळ प्रत्येक प्लॉटवर येते. ढाक्यातली मरीना तबस्सुम यांची बैतुर रऊफ मशीद या बाबतीत अभ्यासण्यासारखी आहे. तिथेही प्लॉट आणि किब्ला यांत १३ अंशांचाच कोन होता. त्यांनी बाहेरचा चौकोन प्लॉटला धरून ठेवला, त्यात एक वर्तुळ बसवले आणि वर्तुळाच्या आत नमाजाचे दालन किब्ल्याकडे वळवले. मधे उरलेल्या फटींतून उजेड आणि वारा आत येतो. ही मशीद २०१२ मध्ये पूर्ण झाली, २०१६ मध्ये तिला आगाखान स्थापत्य पुरस्कार मिळाला. घुमट नाही, मिनार नाही, साध्या विटांचे काम, पैसा लोकांच्या देणग्यांतून. जागा त्यांच्या आजीने दिली होती. आपल्याकडे जागा मोकळी असेल तर इतका खटाटोप न करता सगळी इमारतच वळवावी आणि रस्ता व पडवी यांच्यामधल्या तिरक्या पट्ट्यात माड, सुपारी, चप्पलघर, सायकली बसवाव्यात.

आता ती भिंत

पश्चिमेची भिंत दुहेरी करा. माझे सगळ्यांत आग्रहाचे म्हणणे हेच.

बाहेरची भिंत चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, निदान सव्वा फूट जाडीची. तिच्या आत तीन फुटांची मोकळी पोकळी. त्यानंतर आतली, नऊ इंची, चुन्याच्या गिलाव्याची भिंत, जिच्यात मिहराब आहे आणि जिच्याकडे माणसे बघतात. पाऊस बाहेरच्या भिंतीला लागतो. जांभा सच्छिद्र असतो, तो पाणी पितो. ते पाणी आतल्या अंगाला पाझरले तरी पोकळीत उतरते, नमाजाच्या भिंतीपर्यंत पोचत नाही. ऊनही तसेच: तापते ती बाहेरची भिंत, आतली सावलीत राहते. असरच्या (दुपारनंतरच्या नमाजाच्या) वेळी आतल्या भिंतीला हात लावून बघा, फरक हाताला कळतो.

पोकळी तीनच फूट का? कारण झाडू आणि बादली घेऊन माणूस आत जाऊ शकला पाहिजे. एका फुटाची पोकळी ठेवली तर वर्षभरात तिथे पारवे, विंचू आणि कचरा वस्तीला येतात आणि मग कोणीतरी ती बुजवून टाकतो. तळ दालनाच्या जमिनीपेक्षा सहा इंच खाली ठेवा, त्याला उतार द्या, दोन्ही टोकांना पाण्याला वाट आणि माणसाला दार.

आता वाऱ्याचा पेच. फेब्रुवारीपासून मेपर्यंत दुपारी समुद्रावरून येणारा वारा पश्चिम-वायव्येचा असतो. म्हणजे जी बाजू पावसासाठी बंद करायची, त्याच बाजूने जुम्म्याच्या आणि असरच्या वेळी सुखाची झुळूक येते. पश्चिम पूर्ण बंद केली की मग एसीशिवाय गत्यंतर नाही. दुहेरी भिंत हा पेच सोडवते. बाहेरच्या भिंतीत उघडी जागा वर ठेवा, पागोळीच्या (छपराच्या पुढे आलेल्या कडेच्या) खाली, साधारण सात फुटांवर. आतल्या भिंतीतली जाळी खाली, जमिनीपासून एक ते तीन फुटांवर. दोन्ही समोरासमोर येत नाहीत. वारा वरून शिरतो, पोकळीत उतरतो आणि बसलेल्या माणसाच्या अंगाला लागतो. पावसाची झड मात्र वळणे घेत नाही, पोकळीतच पडते. जाळीतून पलीकडे फक्त सावलीतली भिंत दिसते, रस्ता किंवा माणसे दिसत नाहीत, त्यामुळे नमाजात लक्ष विचलित होत नाही. पावसाळ्यासाठी जाळीला आतून लाकडी झडपा ठेवा.

पोकळीवरच्या छपरात दर चार-पाच फुटांवर काचेचे कौल बसवा. ही आपल्या घराघरांतली जुनी युक्ती आहे, स्वयंपाकघरात चुलीवर असायचे तसले. त्यातून उजेड सरळ डोळ्यात न येता दोन भिंतींच्या मधून खाली झिरपतो, आतल्या भिंतीच्या वरच्या कडेला आणि मिहराबच्या कोनाड्याला मऊ प्रकाश मिळतो. बैतुर रऊफमध्ये किब्ल्याच्या भिंतीत फक्त एक उभी चीर आहे आणि तिच्यातून आलेला उजेडच दिशा सांगतो. तिथे वेगळी नक्षी लागत नाही. आपल्याकडेही लागणार नाही.

मिहराब आतल्या भिंतीतून पोकळीत ढकला. इमारतीबाहेर पोट काढलेला मिहराब हे कोकणातले गळतीचे हमखास ठिकाण आहे, कारण त्याचे छोटे छप्पर आणि मोठी भिंत यांच्या सांध्यावर सगळा पाऊस येऊन बसतो.

दुसऱ्या भिंतीचा खर्च येतो, हे खरे. विश्वस्त तो आकडा ऐकून गप्प होतात. घुमटाचा आकडा शेजारी लिहून दाखवा.

छप्पर

काँक्रीटचा सपाट स्लॅब टाकायचा, तिसऱ्या पावसाळ्यात तो ठिबकायला लागला की वर पत्र्याची शेड उभारायची, हे आपण घरांच्या बाबतीत इतके केले आहे की ते स्वाभाविक वाटू लागले आहे. मशिदीचे तसे करू नका. पहिल्यापासूनच उतरते छप्पर घ्या.

आढे (छपराचा वरचा कणा) उत्तर-दक्षिण ठेवा, म्हणजे उतार पूर्वेला आणि पश्चिमेला पडतील आणि पश्चिमेची पागोळी भिंतीवर टोपीसारखी खाली येईल. आढे पूर्व-पश्चिम घेतले तर पश्चिमेला उंच त्रिकोणी भिंत उभी राहते. ती म्हणजे पावसाला दिलेले आमंत्रण. उतार ३० अंशांच्या आसपास, पश्चिमेला पागोळी निदान पाच फूट पुढे, बाकी तीन बाजूंना चार.

रत्नागिरीच्या अक्षांशावर मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात मध्यान्हीचा सूर्य अगदी डोक्यावर येतो, आणि जुम्म्याची नमाज त्याच सुमाराला. तेव्हा भिंतींपेक्षा छपराचा ताप जास्त. मंगलोरी कौलांखाली सहा इंच हवेची फट सोडून लाकडी फळ्यांचे किंवा बांबूच्या विणीचे दुसरे छत घ्या आणि आढ्यावर गरम हवा निघून जाईल अशी, वर टोपी असलेली फट ठेवा. वटवाघळे येऊ नयेत म्हणून तिला गंज न धरणारी जाळी लावा. फळ्यांच्या छताचा आणखी एक फायदा कानाला कळतो: किरात (कुराणपठण) स्वच्छ ऐकू येते. काँक्रीटच्या घुमटाखाली आवाज फिरून एका जागी गोळा होतो, कुराणातल्या आयती एकमेकींवर आदळतात, मग लोक स्पीकर वाढवतात आणि गोंगाट अजून वाढतो.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला लागले तेव्हा छपरांचे काय झाले ते रायगडकरांनी डोळ्यांनी पाहिले. कडेची आणि आढ्याची कौले तारेने किंवा स्क्रूने बांधलीच पाहिजेत, कैच्या भिंतीतल्या काँक्रीटच्या पट्ट्याला बोल्टने जखडल्या पाहिजेत. १९६७ चा कोयनेचा भूकंपही विसरू नका. चिऱ्याच्या भिंतीला जोते, खिडकीखालची पातळी, खिडकीवरची पातळी आणि छपराखाली असे चार आडवे काँक्रीटचे पट्टे हवेत. समुद्राजवळ काँक्रीटमध्ये सळीवर निदान ४५ मिलिमीटर आवरण ठेवा. खाडीची खारी वाळू कोणी कितीही स्वस्तात दिली तरी घेऊ नका. पाच वर्षांत सळ्या फुगून काँक्रीटचे पापुद्रे पडताना मी पाहिले आहेत.

जमिनीवर बसणाऱ्यांसाठी खिडक्या

हा मुद्दा छोटा आहे, पण जवळजवळ प्रत्येक मशिदीत चुकतो. खिडक्या तीन फुटांवर सुरू होतात, कारण सुताराला घराचे माप पाठ असते. मशिदीत माणूस जमिनीवर बसतो आणि सजद्यात कपाळ जमिनीला टेकतो. वारा त्याच्या डोक्यावरून निघून जातो. उत्तर आणि दक्षिणेच्या खिडक्या जमिनीपासून फूटभरावर सुरू करा, वर सात फुटांपर्यंत न्या आणि खाली-वर वेगळ्या उघडणाऱ्या लाकडी झडपा लावा. पडवी असल्यामुळे या बाजूंना झड लागत नाही. सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या टाळा: त्या अर्ध्याच उघडतात आणि खाऱ्या हवेत त्यांची चाके अडकतात.

रात्री वारा उलटतो. पहाटेच्या फजरला तो जमिनीकडून, पूर्वेकडून हलकासा येतो. म्हणून पूर्वेची दारे भरीव फळ्यांची न करता पट्ट्यांची करा, म्हणजे कुलूप लावूनही हवा खेळते आणि पहाटे मुअज्जिनाने (बांग देणाऱ्याने) दार उघडल्यावर कोंदट वास येत नाही. त्या वासाचे मुख्य कारण जाड गालिचा असतो. पावसाळ्यात गालिचे गुंडाळून कोरड्या खोलीत ठेवा आणि चटया अंथरा.

पाणी

वरच्या मापांची मशीद धरली तर पागोळीसकट छपराचे क्षेत्र साधारण चार हजार चौरस फूट होते. एका पावसाळ्यात त्यावरून साडेआठ-नऊ लाख लिटर पाणी उतरते. आणि तरीही एप्रिलमध्ये टँकर येतो. हे मला फार खुपते. रोज दीडशे वजू (नमाजाआधीचे हात-तोंड-पाय धुणे), प्रत्येकी पाच लिटर, असे धरले तर फेब्रुवारी ते मे अशा चार महिन्यांना नव्वद हजार लिटर पुरतात, म्हणजे छपरावर पडलेल्या पाण्याचा दहावा हिस्सा. पन्नास हजार लिटरची टाकी अंगणाखाली बांधा, बाकीचे विहिरीतून घ्या. पहिल्या दोन-तीन सरींचे पाणी वाहून जाऊ द्या, पुढचे रेती-कोळशाच्या गाळणीतून टाकीत, आणि टाकी भरली की विहिरीच्या पुनर्भरणाला.

पैगंबर साधारण एका मुद पाण्यात, म्हणजे पाऊण लिटरहूनही कमी पाण्यात वजू करत, असे हदीसमध्ये (पैगंबरांच्या वचनांच्या आणि वागण्याच्या नोंदींत) आहे. आपल्या नळाच्या धारेखाली तेवढे पाणी बाही वर करेपर्यंत वाहून जाते. हौद ठेवला तर ही उधळपट्टी आपोआप कमी होते. शाफई मसलकात (धर्मशास्त्राच्या एका परंपरेत) दोन कुल्ले, म्हणजे दोनशे लिटरच्या आसपास पाणी असले की हौदाला पुरते. हनफी रिवाजात दहा हात बाय दहा हातांचा हौद धरतात. कोकणात बहुतेक शाफई असले तरी महामार्गावर हनफी प्रवासीही थांबतात, त्यामुळे हौदाबरोबर पाच-सहा नळही ठेवा, दट्ट्या दाबल्यावर थोडे पाणी देऊन आपोआप बंद होणारे.

हौद कसा असावा हे बघायचे असेल तर गोव्यात फोंड्याची सफा मशीद बघा. १५६० साली आदिलशाहीत बांधलेली, जांभ्याची, उतरत्या कौलारू छपराची. तिच्या बाजूचे तळे, तळ्यात उतरणाऱ्या पायऱ्या आणि काठच्या दगडातल्या मिहराबसारख्या कमानी पाहिल्या की आपल्या मातीतली मशीद म्हणजे काय ते समजते. मुंबईची जामा मशीद तर १८०२ साली तळ्यावरच उभी राहिली, ते पाणी आजही तिच्या पोटात आहे.

वजूच्या पाण्यात साबण नसतो, ते जवळजवळ स्वच्छच असते. खडी-वाळूच्या चरातून ते माडांना द्या. शौचालये वेगळ्या इमारतीत, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, विहिरीपासून निदान पन्नास फूट दूर घ्या आणि भांडी उत्तर-दक्षिण बसवा, म्हणजे किब्ल्याकडे तोंड किंवा पाठ होत नाही. वजूची बसायची जागा छपराखाली, दालनाला लागून हवी. वजू करून भिजत जायला लागले तर त्या मशिदीत पावसाळ्यात म्हातारी माणसे येणार नाहीत. बैठकी सोळा-सतरा इंच उंचीच्या करा, दोन-तीन ठिकाणी धरायला दांडा. आणि चिखलाचे पाय धुवायचा नळ वेगळा, अंगणाच्या तोंडाशी, छत्र्या निथळायच्या जागेशेजारी.

बायका, मुले, मय्यत

आराखडा दाखवायला पुरुषांची बैठक होते आणि बायकांची जागा मागच्या कोपऱ्यात, जिन्याखाली, अंधारात ठरते. बायकांना स्वतंत्रपणे विचारा, त्यांच्या नवऱ्यांना किंवा मुलांना नव्हे. गावात बायका मशिदीत येत नाहीत, असे कोणी म्हणेल. महामार्गावरून लेकरांना घेऊन प्रवास करणाऱ्या बाईला मगरिबची (सूर्यास्तानंतरच्या नमाजाची) वेळ झाल्यावर कुठे जायचे, हा प्रश्न त्याला विचारा. उत्तरेची पडवी आणि तिच्यालगतची खोली बायकांना द्या: जमीन त्याच पातळीवर, वेगळे दार, वेगळा वजूखाना, चांगला उजेड, इमामाचा आवाज स्पष्ट. मधली जाळी लाकडाची ठेवा, भिंत नको.

दक्षिणेची पडवी मकतबला. मुलांचे बाक, पुस्तकांची कपाटे तिथेच. गुडघे दुखणाऱ्यांच्या खुर्च्या सफेच्या दोन्ही टोकांना, आणि अंगणातून आत येताना एक तरी वाट पायऱ्यांशिवाय, उताराची.

जनाजाचा विचार कागदावर असतानाच करा. मय्यत (मृतदेह) अंगणात पश्चिमेकडे ठेवायला जागा, मागे सफा, आणि डोक्यावर जुलैमध्येही टिकेल असे काहीतरी. पूर्वेची १२ फुटी पडवी याच कामासाठी जरा जास्त उंच घेता येते. गुस्लची (मय्यतीला अंघोळ घालायची) खोली मशिदीला लागून पण स्वतंत्र दाराची, फरशीला चांगला उतार असलेली हवी. ज्याच्या घरात दुःख आहे त्याला त्या दिवशी ताडपत्री शोधत फिरायला लागू नये.

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०४० च्या दशकात तो भर पावसाळ्यात येईल. आज तराविह अंगणात होते म्हणून पडवी कमी करू नका.

घुमट, मिनार आणि बांग

यावरून जमातीत भांडणे होतात, म्हणून मी आधीच बोलतो: मशीद ओळखू यावी ही लोकांची इच्छा रास्त आहे. परदेशी राबून पैसे पाठवणाऱ्याला आपल्या गावची मशीद लांबून दिसावी असे वाटते, त्यात वावगे काय? पण ओळख घुमटानेच होते असे नाही. केरळात कोझिकोडची मिश्काल मशीद लाकडाच्या उतरत्या छपरांच्या मजल्यांनी ओळखली जाते. एक सडपातळ चिऱ्याचा मिनार, आत जिना, वर दिवा, अंगणाच्या कोपऱ्यात उभा करा. तो मुख्य छपरापासून सुटा ठेवा, म्हणजे सांध्यातून गळती नाही. पाण्याची टाकी त्याच्या पोटात बसवली तर दाबाचे पाणीही मिळते.

बांगेसाठी कर्णे लावण्याआधी नियम वाचा. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर तो वापरता येत नाही, आणि निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. म्हणजे फजरची बांग बहुतेक दिवस कर्ण्याविनाच. मिनाराच्या वरच्या खिडकीतून मुअज्जिनाचा उघडा आवाज पहाटेच्या शांततेत वाडीभर जातो.

बाकी परवानग्या आराखडा पक्का व्हायच्या आत विचारून घ्या: जमिनीचा वापर, वक्फची नोंद, जिल्हा प्रशासन, आणि किनाऱ्याजवळ असाल तर किनारा नियमन क्षेत्राची रेषा. शेजाऱ्यांना, ते कोणत्याही धर्माचे असोत, आराखडा घरी जाऊन दाखवा. त्यांच्या अंगणात आपल्या छपराचे पाणी जाणार नाही, हे त्यांना तुमच्या तोंडून कळू द्या.

जुनी मशीद पाडण्याआधी

नायजरमधल्या दंडाजी गावात गावाला नवी मशीद हवी होती आणि जुनी मातीची मशीद पाडली जाणार होती. मरियम कमारा आणि यास्मन इस्माईली या स्थापत्यकारांनी गावाशी बोलून जुन्या मशिदीचे वाचनालय केले आणि शेजारी दाबून केलेल्या मातीच्या विटांची नवी मशीद बांधली. जुने बांधकाम जाणणारे गवंडीच पुन्हा कामाला लागले. आपल्याकडे जुन्या कौलारू मशिदी, सागाचे खांब, कोरीव तुळया पाडून भंगाराच्या भावात विकल्या जातात. पाया भक्कम असेल तर जुने दालनच मकतब किंवा बायकांचे दालन होऊ शकते. ते शक्य नसेल तर निदान खांब, दारे आणि जुना शिलालेख नव्या पडवीत बसवा. पाडायच्या आधी सगळ्याची मापे आणि फोटो घ्या आणि आपल्या म्हाताऱ्यांना विचारा की पूर्वी पावसाळ्यात पश्चिमेला काय लावायचे. माडाच्या विणलेल्या झावळांचे झाप, असे उत्तर मिळेल. म्हणजे दुहेरी भिंत आपल्याला नवी नाही.

कामाचा क्रम

मे महिन्यात किब्ल्याची रेघ आखा आणि त्याच पावसाळ्यात जागेवर जाऊन पाणी कुठून येते, कुठे साचते, झड कुठल्या कोनातून लागते ते बघा. ऑक्टोबरला पाया. टाकी आणि जोते डिसेंबरपर्यंत, भिंती आणि छपराचा सांगाडा मार्चपर्यंत, कौले एप्रिलअखेर. पैसे कमी पडले तर पडव्या आणि अंगणाची फरशी पुढच्या वर्षावर ढकला, पण पश्चिमेची दुसरी भिंत आणि पागोळी कधीही नाही.

ठेकेदाराशी करार करताना शेवटचा हप्ता पुढच्या ऑक्टोबरपर्यंत राखून ठेवा आणि तसे लेखी घ्या. जुलैमध्ये जोरदार पावसाच्या दिवशी पोकळीत उतरा, टॉर्च घेऊन दोन्ही भिंती बघा, ओल कुठवर आली ती खडूने आखा, तारीख लिहा. ऑगस्टमध्ये पुन्हा. बाहेरच्या भिंतीचे सांधे त्या खुणांवरून दुरुस्त करून घ्या. आतल्या भिंतीला चुन्याचा शेवटचा हात त्यानंतरच, ती ऑक्टोबरच्या उन्हात पूर्ण वाळल्यावर.